दोनशे ओळींचा नियम सिद्ध कुणी केला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या करिअरच्या पानावर सॉफ्टवेअरमध्ये जाणाऱ्या मुलांसाठी एक लेख आला होता. लेख चांगला होता, टेस्ट लिहा, दुसऱ्याचा कोड वाचा असं मराठीत कुणीतरी सांगतंय हे बघून बरं वाटलं. पण बाजूला एक चौकट होती, "कुठलाही क्लास २०० ओळींच्या वर जाऊ देऊ नका, लहान क्लास म्हणजे कमी बग, हे संशोधनाने सिद्ध झालं आहे", आणि त्यातल्या "सिद्ध झालं आहे" ला मी अडखळले. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याने त्या चौकटीचा फोटो मला व्हॉट्सअपवर पाठवून विचारलं की मावशी तू तर चार चार हजार ओळींच्या क्लासच्या गोष्टी सांगतेस, मग तुम्हाला हे माहीत नव्हतं का. त्याला फोनवर उत्तर द्यायला गेले तर पाऊण तास झाला, तरी अर्धं राहिलं, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापा हवं तर.

मी बावीस वर्षं याच धंद्यात आहे, आधी सी प्लस प्लस, मग जावा, आता जी भाषा पडेल ती. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत प्रोग्रॅम म्हणजे एक सलग लांबलचक पोथी नसते, त्याचे तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकड्याकडे आपापली माहिती आणि त्या माहितीवर करायची कामं असतात. बँकेची सिस्टिम घेतली तर खातं हा एक तुकडा, व्याजाचा हिशोब हा दुसरा, खातेदार तिसरा, आणि त्या तुकड्याचा जो साचा लिहायचा त्याला क्लास म्हणतात. आता प्रश्न असा की हा साचा किती मोठा असावा. मोठा झाला की त्यात बग, म्हणजे चुका, जास्त होतात का? साधं उत्तर हो. जिथे ओळी जास्त तिथे चुकायला जागा जास्त, यात संशोधन कसलं, मोठ्या घरात कचरा जास्त निघणारच. पण खरा प्रश्न तो नाहीचये. खरा प्रश्न असा की मोठा क्लास फोडून पाच लहान केले तर एकूण बग कमी होतात का, आणि इथे गंमत सुरू होते.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या संशोधनाने तुमच्या चौकटीच्या बरोब्बर उलटं सांगितलं होतं! १९८४ साली व्हिक्टर बसिली आणि बॅरी पेरिकोन यांनी नासाच्या गॉडार्ड केंद्रासाठी लिहिलेल्या एका सिस्टिमचा अभ्यास छापला, उपग्रहांच्या नियोजनाचं काम करणारा फोरट्रान या जुन्या भाषेतला साधारण ९० हजार ओळींचा कोड होता तो. म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड वगैरे काही नाही, जुनी मॉड्यूलची, म्हणजे नुसते कामाचे तुकडे पाडायची, पद्धत. त्यांना दिसलं की लहान मॉड्यूलमध्ये दर हजार ओळींमागे चुका जास्त आहेत, मोठ्यांमध्ये कमी. लोक चकित झाले कारण सगळ्यांची समजूत तुमच्या चौकटीसारखीच होती. त्या दोघांनी प्रामाणिकपणे काही शक्यता पण लिहिल्या होत्या, की दोन मॉड्यूलच्या मधल्या चुका लहानमोठ्या सगळ्यांच्या नावावर सारख्याच पडतात, किंवा मोठं मॉड्यूल लिहिताना माणूस जास्त सांभाळून लिहितो, किंवा मोठ्यातल्या चुका अजून सापडल्याच नसतील. या शक्यता पुढे उद्धृत करणाऱ्यांनी सोयीस्करपणे गाळल्या, जसं नेहमी होतं.

मग १९९७ मध्ये लेस हॅटन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी वेगवेगळ्या भाषांमधल्या सिस्टिमचे आकडे एकत्र मांडले आणि म्हणाले की आलेख यू अक्षरासारखा येतो, फार लहान तुकडे वाईट, फार मोठे पण वाईट, मधले साधारण २०० ते ४०० ओळींचे सगळ्यात बरे. माझा अंदाज आहे की तुमच्या लेखकाचा २०० चा आकडा याच गावाहून चालत आलाय, फक्त वाटेत "कमीत कमी" चं "जास्तीत जास्त" झालं. कारण हॅटनचं म्हणणं बघा, ते म्हणत होते की अति बारीक तुकडे पाडू नका! त्यांनी कारण पण दिलं होतं, माणसाच्या तात्पुरत्या आठवणीत एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात, जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचा १९५६ चा सात अधिक-उणे दोन वाला लेख प्रसिद्धच आहे, तर तुकडा डोक्यात मावेल एवढा असेल तोवर बरं, त्यापलीकडे गेलं की सांडायला लागतं, आणि तुकडे फारच लहान केले की डोक्याची जागा पूर्ण वापरली जात नाही आणि जोडण्या वाढतात. ऐकायला इतकं पटतं की मी स्वतः २००३ च्या सुमाराला एका ट्रेनिंगमध्ये हे छातीठोकपणे फळ्यावर काढून शिकवलंय. तेव्हाचे जे कुणी विद्यार्थी हे वाचत असतील त्यांनी माफ करावं.

कारण तोवर या आलेखाची हवा निघाली होती आणि मला पत्ताच नव्हता. यात फसवणूक कुठे होते ते रिक्षाच्या मीटरवरून सांगते, कारण भाच्याला पण तेच सांगितल्यावर पटलं. समजा किमान भाडं २५ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला, आणि पुढे किलोमीटरला १७. आता अर्धा किलोमीटर गेलात तर २५ रुपये द्यावे लागतात, म्हणजे किलोमीटरला ५० चा दर पडला. दीड किलोमीटर गेलात तर दर १७ च्या आत आला, दहा गेलात तरी तिथेच घुटमळणार. आता कुणी याचा आलेख काढला, आडवं अंतर आणि उभा किलोमीटरचा दर, तर तो सुरुवातीला उंच आणि मग धाडकन खाली येताना दिसेल. यावरून कुणी असं म्हणेल का की लांबचा प्रवास स्वस्त असतो तर आपण स्वारगेटहून डेक्कनला कात्रजवरून जाऊ? बिल तर वाढतच जातंय! पण बिल न बघता भागाकार बघितला की असं होतं.

क्लासचंही तेच. २० ओळींच्या क्लासमध्ये एक बग सापडला की हजार ओळींमागे ५० बग असा आकडा येतो, भयंकर वाटतो. ५०० ओळींच्या क्लासमध्ये पाच बग सापडले तर हजारामागे १०, वा काय क्वालिटी. त्यात परत ज्या लहान क्लासमध्ये शून्य बग आहेत ते बाजूला काढून फक्त बग सापडलेलेच क्लास मोजले तर विचारूच नका, कारण एकापेक्षा कमी बग कुणाच्या नावावर असूच शकत नाही, म्हणजे क्लास जितका छोटा तितका तो बिचारा जास्त बदनाम. जॅरेट रोझेनबर्ग यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं की कुठल्याही दोन आकड्यांपैकी एकाला दुसऱ्याने भागलं आणि तो भागाकार त्याच दुसऱ्या आकड्यासमोर मांडला की असा उतरता आलेख आपोआप येतो, मुळात त्या दोन आकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी येतो. म्हणजे ओळी आणि बग यांच्या जागी तुम्ही आमच्या सोसायटीतल्या फ्लॅटचे नंबर आणि भाडेकरूंची वयं टाकलीत तरी यूची डावी बाजू तुम्हाला मिळेल.

आणि मग ऑब्जेक्ट ओरिएंटेड कोडवर नीट काम झालं ते २००२ मध्ये, खालेद एल एमाम आणि त्यांच्या कॅनडातल्या वगैरे सहकाऱ्यांचं. त्यांनी आधी हा भागाकाराचा घोळ गणिताने दाखवला आणि मग विचारलं की बरं ते जाऊ दे, निदान एखादी मर्यादा तरी आहे का, की इथपर्यंत क्लास सुरक्षित आणि त्यापलीकडे गेला की बग एकदम वाढतात? एका सी प्लस प्लस सिस्टिमवर बघितलं, मग दुसऱ्या सी प्लस प्लस सिस्टिमवर, मग एका विक्रीतल्या जावा ॲप्लिकेशनवर, आणि आकार मोजायला चार वेगवेगळी मापं घेतली. कुठेच मर्यादा दिसली नाही. ना २००, ना ३००, ना ५००. क्लास वाढत गेला तसे बग वाढत गेले, मधे कुठे पायरी नाही, सलग चढ आहे. त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की योग्य आकार असतो, लहान तेच चांगलं, अमुक मर्यादा पाळा, या तिन्ही समजुतींना ना आधार सिद्धांताचा ना आकड्यांचा. तिन्ही, हे लक्षात घ्या. म्हणजे हॅटनचा यू पण गेला आणि तुमची चौकट पण गेली.

भाचा म्हणाला की मग अगं बग ओळींच्या प्रमाणात वाढतात तर लहान क्लास बरेच ना. इथेच तर मेख आहे. प्रमाणात वाढत असतील तर हजार ओळींच्या एका क्लासमध्ये समजा १० बग, तर दोनशेच्या क्लासमध्ये २, आणि असे पाच क्लास केले की पाच दुणे दहाच! काय मिळवलं? उलट पाच तुकडे एकमेकांशी बोलायला मधे जो जोडकोड लिहावा लागतो त्याच्या ओळी वेगळ्या. आणि पुढची गंमत म्हणजे २००९ मध्ये गुनेश कोरू आणि मंडळींनी, ज्यात हे एल एमाम पण होतेच, चार मोठ्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड सिस्टिम तपासल्या, यावेळी भागाकाराचा घोळ न करता, तर दिसलं की क्लास मोठा होतो तसे बग वाढतात हे खरं पण त्या वेगाने नाही, जरा मंद वाढतात. म्हणजे प्रमाणाच्या हिशोबात लहान क्लासच जास्त त्रासाचे. मग दोनशेच्या क्लासमध्ये २ च्या ऐवजी समजा ३ बग धरा, पाच त्रिक पंधरा. दहाचे पंधरा करून आपण क्वालिटीचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड हिरवा केला. (हे २, ३, १० माझे समजण्यासाठीचे आकडे आहेत, कुणाच्या अभ्यासातले नाहीत, नाहीतर उद्या हेच कुणीतरी चौकटीत छापेल.)

थांबा, इथे मी पण घसरायला नको. हे सगळे अभ्यास आधीच लिहून झालेल्या वेगवेगळ्या क्लासची तुलना करतात. तोच क्लास घेऊन फोडला आणि मग वर्षभर वाट बघितली, असं यांच्यात कुणी केलेलं नाही. त्यामुळे फोडल्याने बग वाढतातच असंही मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की "कमी होतात हे सिद्ध झालंय" असं छापायला आधार नाही.

आता अनुभवाचं सांगते, कंपनीचं नाव सांगणार नाही. एका परदेशी क्लायंटचं बिलिंगचं काम होतं. त्यात बिलाचा एक क्लास होता साधारण चार हजार ओळींचा, दहा वर्षांत पंधरा-वीस लोकांनी हात मारलेला, त्याला आम्ही अजगर म्हणायचो. नवीन मुलगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला अजगर दाखवायचा अशी पद्धतच होती. मग कुणीतरी वरून नियम आणला की ३०० ओळींच्या वरच्या क्लासचा कोड मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील, होणारच नाही, तपासणारं टूलच अडवेल. झालं, लागलो कामाला. अजगराचे एकोणीस तुकडे केले. कसे केले? खरं सांगते, कात्रीने केले. तीनशे ओळी झाल्या की काप. नावं तरी काय, बिल हेल्पर, बिल हेल्पर टू, बिल युटिल, बिल कॉमन, आणि एकाचं नाव तर कुणीतरी बिल मिसलेनियस ठेवलं होतं. एकाला हात लावायचा तर सतरा उघडावे लागायचे, पण टूल खूश, डॅशबोर्ड हिरवागार, आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये एक स्लाइड आली की दर क्लासमागे बग किती कमी झाले बघा. होणारच की हो! क्लास एकाचे एकोणीस झाले, भाजक वाढवला, भागाकार कमी झाला. परत तोच रिक्षाचा मीटर, फक्त यावेळी उलटा फिरवलेला. टाळ्या पण वाजल्या, मी पण वाजवल्या.

मग एक दिवस क्लायंटच्या महिनाअखेरीच्या हिशोबात काही बिलं एकदोन सेंटने चुकायला लागली. एकदोन सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटेल पण हिशोबनीस माणसाला विचारा, लाखाची चूक सापडते, पैशाची चूक झोप उडवते. चार दिवस गेले शोधायला. झालं होतं असं की अजगरात रक्कम पूर्ण सेंटमध्ये आणायची, म्हणजे राउंड करायची, ओळ एकच होती, वर प्रत्येक आयटमवर कर लावायचा, खाली बेरीज करून एकदाच राउंड करायचं, दोन्ही एकाच मेथडमध्ये, म्हणजे क्लासमधल्या एकाच कामाच्या कोडमध्ये, एकाच स्क्रीनवर. कापाकापीत वरचा भाग एका तुकड्यात गेला आणि खालचा दुसऱ्यात. पुढे वरच्या तुकड्यात काम करणाऱ्या मुलाला वाटलं अरे इथे राउंड करायचं राहिलंय, त्याने चांगल्या मनाने ते घातलं. आता दोनदा राउंड व्हायला लागलं. त्याचा तुकडा बघितला तर बरोबर, दुसरा तुकडा बघितला तर तोही बरोबर, दोन्हीच्या टेस्ट पास. चूक दोघांच्या मधे, आणि मधली जागा कुठल्याच फाइलमध्ये नसते, त्यामुळे तिचा रिव्ह्यू पण कुणी करत नाही. सापडली ती पण आमच्या टेस्टिंगमधल्या एका मुलीने जुनं बिल आणि नवं बिल कागदावर छापून पेनाने टिक करत बसल्यामुळे. बसिलीबुवांनी १९८४ मध्ये जी पहिली शक्यता लिहिली होती ना, दोन मॉड्यूलच्या मधल्या चुकांची, ती ही. आणि हा बग नोंदवताना कुठल्या क्लासच्या नावावर टाकायचा यावरून अर्धा तास वाद झाला तो वेगळाच, शेवटी बिल मिसलेनियसच्या नावावर टाकला.

याचा अर्थ अजगर चांगला होता असं नाही हं. भयानक होता. त्यातलं कराचं काम पुढे एका शहाण्या सिनिअरने खरंच वेगळं काढलं, म्हणजे कर हा विषय पूर्ण एकीकडे, राउंडिंगसकट, आणि त्याचा क्लास झाला साडेपाचशे ओळींचा. टूलने अडवला. त्याला लेखी परवानगी काढावी लागली. मी त्या प्रोजेक्टवर होते तोवर त्या क्लासने आम्हाला रात्री उठवलं नाही, आणि बाकीच्या अठरा हिरव्या तुकड्यांनी किती वेळा उठवलं ते विचारू नका.

ओळी मोजणं निरुपयोगी आहे असंही कुणी समजू नये, उलट ओळींइतकं साधं आणि कामाचं माप बराच काळ दुसरं सापडत नव्हतं, हीच तर शास्त्रज्ञांची पंचाईत झाली होती. श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांनी १९९४ मध्ये ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन मोजायची सहा मापं सुचवली, क्लास किती इतरांवर अवलंबून आहे, एका क्लासवरून दुसरा, त्यावरून तिसरा अशी वारशाची शिडी किती खोल आहे, असली. कॉलेजात आजही शिकवतात, भाच्याला परीक्षेत आली होती. बसिली आणि आणखी दोघांनी १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आठ सी प्लस प्लस सिस्टिमवर ती तपासली तर बरीचशी उपयोगी वाटली. मग २००१ मध्ये परत एल एमाम आले (हा माणूस सगळ्यांच्या लग्नात हजर) आणि म्हणाले की थांबा, ज्या शहरात गणपती मंडळं जास्त तिथे पाकीटमारी पण जास्त असते, म्हणून मंडळं पाकिटं मारतात का? शहर मोठं असतं म्हणून दोन्ही जास्त असतं. अर्थात उदाहरण माझं आहे, त्यांनी हे कोरड्या भाषेत आकड्यांनी मांडलं, एका टेलिकॉमच्या सी प्लस प्लस सिस्टिमवर क्लासचा आकार हिशोबातून वेगळा काढला तर तपासलेल्या मापांचा बगशी असलेला संबंध उडूनच गेला. म्हणजे ती भारी भारी नावांची मापं आडून आडून ओळीच मोजत होती. यावरही आक्षेप आला २००३ मध्ये, की आकार काही बाहेरून आलेला पाहुणा नाही, डिझाइनमधूनच आकार येतो, मग तो वेगळा काढून कसं चालेल. आक्षेपात दम आहे असं मला वाटतं. पण मुद्दा असा की वीस-पंचवीस वर्षं हुशार माणसं ज्यावर भांडली ते आपण दोन ओळींच्या चौकटीत "सिद्ध" म्हणून मुलांना देतोय.

आणि नुसते बग मोजून तरी काय कळतं? आयबीएमच्या एडवर्ड ॲडम्स यांनी १९८४ मध्ये त्यांच्या मोठ्या प्रॉडक्टमधल्या बगचा हिशोब मांडला होता, त्यात साधारण एक तृतीयांश बग असे निघाले की एका मशिनवर तो बग एकदा दिसायला सरासरी पाच हजार वर्षं लागतील. पाच हजार! आणि ग्राहकांना जो खरा त्रास होत होता तो अगदी थोड्या बगमुळे. फेंटन आणि ओल्सन यांनी २००० साली एरिक्सनच्या टेलिफोन एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरवर बघितलं तर टेस्टिंगमध्ये सापडलेल्या बगपैकी जवळपास ६० टक्के साधारण २० टक्के मॉड्यूलमध्ये होते, तिथे म्हणाल की बरोबर, मोठीच असतील ती, तर नुसत्या आकाराने ते समजावता येत नव्हतं. त्याहून कहर म्हणजे रिलीजच्या आधी टेस्टिंगमध्ये जी मॉड्यूल सगळ्यात बगवाली निघाली ती रिलीजनंतर शहाण्यासारखी वागली, आणि आधी गप्प बसलेल्यांनी नंतर तमाशा केला. म्हणजे आधी सापडलेले बग म्हणजे कोड वाईट की टेस्टिंग चांगलं, हे आकड्यावरून कळत नाही.

भाच्याने शेवटी वैतागून विचारलं, मग मी बघू काय. त्याला मी म्हटलं की कितव्या ओळीला थांबायचं हे मोजू नकोस, तो क्लास गेल्या सहा महिन्यांत किती वेळा बदलला आणि किती जणांनी बदलला ते बघ. हे मी मनाचं सांगत नाहीये, मायक्रोसॉफ्टमध्ये नचियप्पन नागप्पन आणि थॉमस बॉल यांनी २००५ मध्ये विंडोज सर्व्हर २००३ वर हे करून बघितलं, कोड किती उलटापालटा झाला हे त्याच्या आकाराच्या तुलनेत मोजलं तर पुढचे बग कुठे येणार हे चांगलं सांगता येतं. पुढे २००८ मध्ये विंडोज व्हिस्टावर अजून एक काम झालं, तिथे तर कोडकडे न बघता माणसांकडे बघितलं, एका भागाला किती जणांनी हात लावला, किती जण मधेच सोडून गेले, निर्णय घेणारा माणूस किती पायऱ्या वर बसलाय, आणि यावरून केलेला बगचा अंदाज ओळी, गुंतागुंत वगैरे सगळ्या नेहमीच्या मापांपेक्षा सरस निघाला. या कामात नागप्पनच्या जोडीला कोण होते माहितीये? तेच व्हिक्टर बसिली, १९८४ वाले. चोवीस वर्षांनी तो माणूस ओळी मोजायचा सोडून माणसं मोजायला लागला, हे मला फार आवडतं.

आमच्या अजगराला पंधरा-वीस लोकांनी हात लावलेला होता हे मी वर सहज लिहून गेले बघा. आजार तिथे होता, आणि आम्ही त्याची उंची मोजत बसलो होतो.

अजून एक राहिलं, ओळी ओळीत पण फरक असतो. जावामध्ये नुसती माहिती ठेवायची आणि परत द्यायची असा चारशे ओळींचा क्लास कुणीही झोपेत लिहील आणि त्यात कधी बग येणार नाही. उलट एकाच वेळी दहा जण एकाच खात्यातून पैसे काढतायत तेव्हा कुलूप कुणी कधी लावायचं आणि कधी सोडायचं, हा कोड साठ ओळींचा असतो आणि त्याने माझे केस पांढरे केलेत. टूलच्या दृष्टीने पहिला लाल, दुसरा हिरवा.

तर संपादकसाहेब, लेखकाबद्दल तक्रार नाही, त्यांनी कुठेतरी वाचलेलं चांगल्या हेतूने लिहिलं असणार, मी तर फळ्यावर काढून शिकवलं होतं. फक्त पुढच्या अंकात त्या चौकटीची दुरुस्ती छापा, जमलं तर मूळ चौकटीच्याच मापाची छापा. कारण भाच्याने ती कापून हॉस्टेलच्या भिंतीवर चिकटवलीये, आणि मावशीच्या पाऊण तासाच्या फोनपेक्षा छापील कागदावर त्याचा जास्त विश्वास आहे, तेव्हा नवीन कागद जुन्यावर बरोबर बसला पाहिजे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे
(जुन्या सहकाऱ्यांना ओशाळं वाटू नये म्हणून नाव छापू नये ही विनंती. अजगर ज्यांना आठवेल त्यांना मी कोण ते कळेलच.)